पत्ता चुकलेला मेल: कॅच-ऑलमध्ये झेलावा की पाठवणाऱ्याकडे परत जाऊ द्यावा?

2023 च्या फेब्रुवारीत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव करायला केंद्राची मंजुरी मिळाली. सप्टेंबरात जिल्ह्यांच्या नावांचीही अधिसूचना निघाली आणि लगेच ऑक्टोबरात सोयाबीनचा हंगाम लागला. लातूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मेलचं काम मी बघतो. त्यांच्या शाखांचे मेलचे पत्ते गावांच्या नावांवर होते. पाट्या बदलल्या, बिल्टी बुकं नवी छापली, तसे दोन पत्तेही बदलले.

हंगाम भरात असताना एका तेल मिलचा माणूस फोनवर तापला होता. तीन गाड्या लावायचा मेल टाकून दोन दिवस झाले, उत्तर नाही, म्हणून त्याने दुसरीकडून गाड्या घेतल्या. इकडे धाराशिव शाखेतले मुनीमजी सांगत होते, "आलाच नाही की ओ मेल." दोघंही खरं बोलत होते. मिलवाल्याने धाराशिवच्या स्पेलिंगमध्ये 'शि'साठी एका 'आय'च्या जागी दोन 'ई' टाकले होते. त्या नावाची पेटी नव्हती आणि आमच्या होस्टिंगवर अशा मेलसाठीची सेटिंग होती 'टाकून द्या'. सर्व्हरने मेल घेतला, पाठवणाऱ्याला पोचल्यासारखं भासवलं आणि कुणाला न कळवता फेकला. ती सेटिंग मी कधी उघडून पाहिली नव्हती. तीन गाड्यांचं भाडं गेलं, आणि त्याहून जास्त म्हणजे मिलवाल्याचा भरवसा गेला.

म्हणून निवड करण्याआधी एक काम करा. तुमच्या डोमेनशी, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाशी, संबंध नसलेल्या एखाद्या जीमेल खात्यावरून तुमच्या डोमेनवरच्या मनाला येईल त्या खोट्या नावावर मेल पाठवा. काही मिनिटांत 'असा पत्ता नाही' असं उत्तर आलं, तर तुमचा सर्व्हर नाकारतोय. मेल तुमच्याच एखाद्या पेटीत येऊन पडला, तर कॅच-ऑल, म्हणजे चुकलेले सगळे मेल एका पेटीत झेलणारी सोय, सुरू आहे. दोन्ही झालं नाही, तर तुमचे मेल गिळले जात आहेत. सीपॅनेल हे सेटिंगचं पॅनेल असलेल्या होस्टिंगवर 'डिफॉल्ट ॲड्रेस' या नावाखाली हेच तीन पर्याय दिसतात. तिसरा आजच बंद करा. त्याची पुढे तुलना करण्यासारखं काही नाही.

नाकारणं आणि झेलणं

नाकारणं म्हणजे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बरेच जण त्याला उद्धटपणा समजतात. पाठवणाऱ्याचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला आधी फक्त नाव सांगतो: अमुक पत्त्यासाठी मेल आहे, घेता का? तुमचा सर्व्हर तिथेच 550 हा आकडा सांगून नाही म्हणतो. अजून मजकूर आलेला नाही, बिलाची पीडीएफ आलेली नाही, काहीच तुमच्या ताब्यात नाही. मग पाठवणाऱ्याचाच सर्व्हर त्याला कळवतो की मेल पोचला नाही. पूर्वी पोस्टमन पाकिटावर 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' असा शेरा मारून ते परत पाठवायचा. इथे मात्र पाकीट दारापर्यंतसुद्धा येत नाही.

कॅच-ऑलमध्ये डोमेनच्या अलीकडे, म्हणजे @ च्या आधी, कुणी काहीही लिहिलं तरी मेल घेतला जातो आणि एका ठरलेल्या पेटीत पडतो. स्पेलिंग चुको, शाखेचं जुनं नाव असो, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव असो, सगळं तिथे. ऐकताना हे फार सोयीचं वाटतं, आणि तेल मिलच्या प्रकारानंतर मालकांनीही हेच मागितलं: "एकही मेल सुटायला नको."

आता या दोघांतला जो फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो. मेल परत गेला की चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त होते. पाठवणारा पत्ता तपासतो, फोन करतो, बरोबर पत्ता घेतो. कॅच-ऑलने झेलला की पाठवणाऱ्याला चूक कळतच नाही. त्याच्या मेलमध्ये तो चुकीचा पत्ता आपोआप साठतो आणि पुढच्या वेळी दोन अक्षरं टाइप करताच तोच समोर येतो. तुम्ही बरोबर पत्त्यावरून उत्तर दिलंत तरी जुना साठलेला पत्ता तिथेच राहतो. म्हणजे कॅच-ऑल लावून ठेवली की चुकीचे पत्ते जगत राहतात, आणि ज्या दिवशी ती बंद कराल त्या दिवशी दोन वर्षांच्या चुका एकदम परत जाऊ लागतात.

पण परत पाठवण्याचीही एक बाजू लंगडी आहे, आणि आपल्या भागात ती जास्त जाणवते. ती सूचना इंग्रजीत येते, लांबलचक असते, आणि पाठवणाऱ्याच्या जागी 'मेलर-डीमन' असलं काहीतरी नाव असतं. मोंढ्यातला दिवाणजी ती उघडत नाही. त्याला ती फसवणुकीची मेल वाटते. पुण्या-मुंबईच्या कंपनीतला खरेदी विभाग ती वाचतो. मशीनने पाठवलेल्या मेलचं तर आणखी वेगळं. पोर्टलवरून आलेलं बिल परत गेलं तर ते वाचायला तिकडे माणूसच नसतो, आणि अशा कित्येक यंत्रणा एकदा परत आलेल्या पत्त्यावर पुढे पाठवणंच थांबवतात. अशा ठिकाणी झेललेला मेल खरोखर वाचवतो. आम्हाला कॅच-ऑलच्या पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाईकाच्या पोर्टलवरची पोच न मिळाल्याची सूचना सापडली. ती कित्येक दिवस चुकीच्या नावावर येत होती आणि त्यापायी भाड्याचे पैसे अडकले होते.

झेलण्याची खरी किंमत

पैशांत कॅच-ऑल जवळजवळ फुकट आहे. सीपॅनेलवर ती एका रकान्याचं काम आहे. गूगल वर्कस्पेसमध्ये राउटिंगच्या सेटिंगमधून लावता येते. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये जरा द्राविडी प्राणायाम आहे: डोमेनचा प्रकार 'इंटर्नल रिले' करावा लागतो आणि वर नियम लिहावा लागतो. क्लाउडफ्लेअरची ईमेल राउटिंग सेवा आलेला मेल पुढे पाठवते, स्वतःची पेटी देत नाही.

किंमत मोजावी लागते ती स्पॅममध्ये. स्पॅमवाले नावं अंदाजाने टाकतात: सेल्स, अकाउंट्स, ॲडमिन, राहुल, प्रिया. नाकारणारा सर्व्हर त्यातल्या बहुतेकांना दारातून घालवतो. कॅच-ऑल असलेला सर्व्हर कुणालाच नाही म्हणत नाही, म्हणून तुमच्या डोमेनवरचा प्रत्येक अंदाज बरोबर ठरतो. आमच्या पेटीत चौथ्या दिवसापासून रोजचा ढीग पडू लागला. नुसता कचरा असता तर सोसला असता. काळजीची गोष्ट अशी की अकाउंट्स नावाची पेटी त्यांच्याकडे कधी नव्हतीच, आणि आता त्या नावावर येणारी खोटी बिलं मुनीमजींसमोर येऊ लागली. आधी ती कुणाला दिसायच्या आतच फेकली जायची.

इथे बहुतेक लोक एक चूक करतात: कॅच-ऑलचे सगळे मेल मालकांच्या खासगी जीमेलवर पुढे पाठवतात. करू नका. पुढे पाठवलेला मेल तुमच्या सर्व्हरकडून येतो, मूळ पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडून नाही, त्यामुळे एसपीएफ ही तपासणी (मेल त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरकडूनच आला का, हे बघणारी) बिघडू शकते. त्यात तुम्ही स्पॅमचा ढीगच्या ढीग गूगलकडे ढकलत असता. पुढे तुमचे स्वतःचे खरे मेलसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये पडू शकतात, आणि कारण सापडायला फार वेळ लागतो. कॅच-ऑलला स्वतंत्र पेटी द्या आणि ती तिथेच उघडून वाचा.

दुसरी गोष्ट परक्याच्या कागदांची. सोडून गेलेल्या मुलाने बँकेला ऑफिसचा मेल दिला होता. त्याची पेटी काढून टाकली, पण कॅच-ऑलमुळे त्याच्या कर्जाच्या हप्त्याच्या सूचना मालकांच्या समोर. हे बरं नाही. आम्ही त्याला फोन करून पत्ता बदलायला लावला आणि आलेले मेल पुसले. डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट यांना तर मी कॅच-ऑल लावूच नका असं स्पष्ट सांगतो. भलत्याचा तपासणी अहवाल किंवा विवरणपत्र तुमच्या पेटीत येऊन पडण्यापेक्षा ते पाठवणाऱ्याकडे परत गेलेलं चांगलं.

मधला मार्ग: ठरावीक एलियास

आम्ही शेवटी जे केलं ते असं. कॅच-ऑल एका हंगामापुरतीच ठेवली, आणि ती रोज सकाळी चहाच्या आधी वाचायची जबाबदारी एकाच माणसावर टाकली. 'सगळ्यांनी बघा' म्हटलं की कोणीच बघत नाही. खऱ्या माणसाने चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला प्रत्येक मेल वहीत टिपला. त्या प्रत्येकाला बरोबर पत्त्यावरून उत्तर गेलं आणि पहिल्या ओळीत मराठीत लिहिलं, 'आपल्याकडे साठलेला जुना पत्ता कृपया काढून टाका.'

मराठी नावांचं रोमन स्पेलिंग हा न संपणारा विषय आहे. 'व'ला कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. 'आ'ला एक ए की दोन? 'ई'ला आय की दोन ई? ज्ञानेश्वर या नावाची सुरुवात कुणी डी-एन-वाय करतो, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. एकट्या धाराशिवचं घ्या: 'धा'चे दोन प्रकार, 'रा'चे दोन, 'शि'चे तीन, शेवटच्या 'व'चे दोन. झाले 24 पत्ते. पण वहीत बघितलं तर प्रत्यक्षात त्यातले चारच येत होते. संभाजीनगरचे पाच आले, त्यातही दोन आद्याक्षरांचे. तेवढेच एलियास, म्हणजे पेटीची जादा नावं, केले, उस्मानाबाद आणि औरंगाबादची जुनी नावंही एलियास म्हणून परत जोडली, आणि कॅच-ऑल बंद करून बाकी सगळ्यांना 550.

एलियास म्हणजे वेगळी पेटी नाही. त्याच पेटीचं दुसरं नाव. गूगल वर्कस्पेस एका खात्याला 30 एलियास वेगळे पैसे न घेता देतं. छोट्या धंद्याला याहून जास्त लागत नाहीत. फक्त पोस्टमास्टर हे नाव कधी नाकारू नका. मेलच्या नियमांत ते प्रत्येक डोमेनने स्वीकारायचंच असतं.

पत्त्यात अधिकचं चिन्ह (+) टाकून वेगवेगळे पत्ते करण्याची युक्ती इथे कामाची नाही. ती तुम्ही स्वतः दिलेल्या पत्त्यांसाठी आहे, दुसऱ्याच्या चुकीसाठी नाही, आणि कित्येक वेबसाइटचे फॉर्म ते चिन्ह घेतही नाहीत. एकट्या माणसाचं स्वतःचं डोमेन असेल आणि त्याला प्रत्येक दुकानाला, प्रत्येक ॲपला वेगळा पत्ता देऊन कोण आपला पत्ता विकतो ते बघायचं असेल, तर त्याने खुशाल कॅच-ऑल वापरावी. वाचणारा तोच, जबाबदारी त्याचीच.

चूक डोमेनमध्येच असेल तर

वरचं सगळं डोमेनच्या अलीकडच्या चुकांबद्दल झालं. डोमेनच चुकलं तर तुमच्या कॅच-ऑलचा काडीचा उपयोग नाही, कारण मेल तुमच्या सर्व्हरकडे येतच नाही. तुमचा पत्ता डॉट इनवर असेल तर लोक सवयीने डॉट कॉम लिहिणारच. 2023 च्या जुलैत उघड झालेलं प्रकरण याचंच: अमेरिकी लष्कराच्या डॉट एमआयएलमधला एक आय गाळून लोक डॉट एमएलवर मेल पाठवत होते, आणि ते मेल आफ्रिकेतल्या माली देशाच्या डोमेनकडे जात होते.

शेजारचं डोमेन मोकळं असेल तर घेऊन टाका. तिथे मात्र कॅच-ऑल हाच मला योग्य पर्याय वाटतो, कारण तिथे आलेला प्रत्येक खरा मेल चुकूनच आलेला असणार. पण ते रोज वाचणार नसाल तर त्या डोमेनवर 'नल एमएक्स' ही नोंद टाका. 2015 पासून ती प्रमाणित आहे, आणि तिचा अर्थ एवढाच की या डोमेनवर मेल घेतला जात नाही. पाठवणाऱ्याला लगेच कळतं. आणि एकदा घेतलेल्या डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका. सोडलेलं डोमेन दुसऱ्याने घेतलं की तुमचे मेल त्याच्या घरी.

संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांना माल देणारे विचारतात, तेव्हा मी सरळ एलियास आणि नकार सांगतो. त्यांच्याकडे पाठवणारे ठरलेले असतात आणि ते परत आलेला मेल वाचतात. नाव नुकतंच बदललं असेल, शाखा हलली असेल, दोन धंदे एकत्र झाले असतील, तर तीन-चार महिने कॅच-ऑल, तीही वाचणारा माणूस नक्की झाल्यावरच.

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बाबतीत खरं उत्तर मुनीमजींनीच दिलं. वहीवर बोट ठेवून ते म्हणाले, "साहेब, गावाचं नाव कशाला? गाडीचा नंबर तर सगळ्यांना येतो." तेव्हापासून शाखांचे पत्ते आरटीओच्या क्रमांकांवर आहेत: लातूर एमएच24, धाराशिव एमएच25, नांदेड एमएच26, जालना एमएच21, संभाजीनगर एमएच20. ड्रायव्हरपासून मिलच्या कारकुनापर्यंत कुणालाही स्पेलिंग विचारावं लागत नाही. मागच्या वर्षी हिंगोलीला शाखा निघाली, तेव्हा पत्ता काय ठेवायचा हे मला कुणी विचारलंच नाही. पाटी रंगवणाऱ्यानेच खाली एमएच38 लिहून ठेवलं होतं.