खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी: क्लिनिकमध्ये जावे की व्हिडिओ कॉलवर करावी?

माझ्या उजव्या खांद्याच्या रोटेटर कफची, म्हणजे सांध्याला वेढणाऱ्या चार स्नायूंच्या बंधांची, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर मी दोन्ही मार्ग वापरले. आरंभी गोव्यातील साखळी गावाहून पणजीतील एका क्लिनिकमध्ये जात होतो, पुढे घरी बसून व्हिडिओ कॉलवर व्यायाम केले. हात गळ्यात अडकवून ठेवणारा पट्टा किती दिवस बांधायचा आणि टाके कधी काढायचे, हे तुमच्या सर्जनने तुम्हाला सांगितलेले असणारच. मी येथे फक्त फिजिओथेरपी कुठे करावी, एवढ्यापुरतेच लिहीत आहे. माझा कल एका बाजूला आहे, पण दुसरी बाजू मुळीच कमी लेखण्याजोगी नाही आणि म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

शस्त्रक्रियेनंतरचे साधारण पहिले ६ आठवडे क्लिनिकला तोड नाही, असे मला वाटते. शिवलेला स्नायुबंध हाडाला धरत असतो, त्यामुळे स्वतःच्या ताकदीने हात उचलायचा नसतो. तो दुसऱ्याने उचलायचा आणि आपण सैल सोडायचा, असा त्या काळाचा नियम असतो. दुखरा हात दुसऱ्याच्या स्वाधीन करून खरोखर सैल सोडणे वाटते तितके सोपे नाही. माझ्या थेरपिस्ट एका हाताने माझे कोपर तोलून धरत, दुसरा तळवा खांद्याच्या पात्यावर ठेवत आणि हात वर नेता नेता मध्येच थांबून म्हणत, "काका, आता तुम्ही मदत करताय, करू नका." मला स्वतःला त्याचा पत्ताही नसे. हात जिथे अडतो तिथला अडथळा भीतीने आवळलेल्या स्नायूचा आहे की आखडलेल्या सांध्याचा, हे त्यांच्या तळव्याला कळत असे. कॅमेऱ्याला ते कळत नाही.

असे असूनही मी क्लिनिक सोडले आणि त्याचे कारण उपचारात नव्हते, ते वाटेत होते. पट्ट्यात हात असताना गाडी चालवता येत नाही. मुलगा नोकरीला जातो आणि दर खेपेस टॅक्सी परवडत नाही. उरली बस. आमोणे, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे अशी ती जाते आणि सकाळच्या वेळी बसायला जागा मिळेलच असे नसते. एका हाताने दांडी धरायची, खांद्याला पिशवी अडकवायची तर खांदा एकच शिल्लक, आणि पावसाळ्यात छत्री हवीच. वळणावर बस कलली की शेजारचा माणूस दुखऱ्या बाजूवर रेलू नये म्हणून मी नकळत खांदा कानाकडे ओढून धरत असे. लोक वाईट नव्हते, पट्टा दिसला की कुणी ना कुणी उठून जागा देई. पण धक्का बसेल ही धास्ती बसल्यावरही जात नसे. पणजीला पोहोचेपर्यंत मानेपासून पात्यापर्यंतचा सगळा भाग लाकडासारखा कडक होई. मग पहिला बराच वेळ शेक आणि आयएफटीच्या, म्हणजे दुखणे कमी करण्यासाठी सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या, यंत्रावर जाई, कारण त्या अवस्थेत हात हलवून उपयोग नसे. प्रत्यक्ष व्यायामाला जो वेळ उरे तो उत्तम असे, पण तो थोडा असे.

याहून मोठे नुकसान घरी आल्यावर होई. या शस्त्रक्रियेनंतर हात मोकळा होतो तो दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा वेळ, न चुकता केलेल्या हालचालींमुळे. ज्या दिवशी मी पणजीला जाऊन येई, त्या दिवशी संध्याकाळी खांदा इतका ठणके की घरचे व्यायाम राहून जात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही हात आखडलेला असे. म्हणजे क्लिनिकमधील एका उत्तम सत्रासाठी मी घरची तीन-चार सत्रे गमावत होतो. हा हिशेब लक्षात आल्यावर मी थेरपिस्टांशी मोकळेपणाने बोललो आणि पट्टा सुटल्यावर उरलेले उपचार व्हिडिओ कॉलवर करण्याचे ठरले. महिन्यातून एखाद्या वेळी मोजमापासाठी पणजीला यायचे, एवढी अट त्यांनी घातली आणि ती योग्यच होती.

व्हिडिओवरील पहिली काही सत्रे कॅमेरा लावण्यातच गेली, हे सांगायला हवे. हात बाजूने वर नेताना थेरपिस्टला पाठीमागून पाते दिसावे लागते. कोपर कमरेशी टेकवून पंजा बाहेर फिरवताना समोरून आणि थोडे वरून दिसावे लागते. फोन हातात धरून कुणी उभे राहिले तर चित्र हलते. शेवटी आम्ही शिवणयंत्रावर एक जागा आणि खिडकीच्या कट्ट्यावर दुसरी जागा ठरवून तिथे खुणा केल्या. सदरा काढून, उजेडाकडे तोंड करून उभे राहायचे, हेही ठरून गेले. एक फायदा मात्र अनपेक्षित निघाला. पडद्याच्या कोपऱ्यात आपले स्वतःचे चित्र दिसत असते, त्यामुळे हात वर जाण्याऐवजी खांदाच उचलला जातो आहे, हे मला माझ्याच डोळ्यांनी दिसू लागले. क्लिनिकमध्ये ते मला नेहमी दुसऱ्याकडून ऐकावे लागत होते.

साधनांचे म्हणाल तर घरात सगळे निघते. हात पुढे सरकवण्यासाठी टेबल आणि पंचा, आधाराने हात उचलण्यासाठी वडिलांची काठी, दारावरून टाकलेली कप्पी, आणि पुढे ताकदीच्या व्यायामांसाठी थेराबँड, म्हणजे ताणायची रबरी पट्टी. भिंतीवर बोटे चढवत नेण्याच्या व्यायामात मी जिथवर पोहोचे तिथे पत्नी पेन्सिलने रेघ ओढत असे. व्हिडिओचे दिवस सुरू झाल्यावर त्या रेघा अधिक नेमाने वर सरकल्या. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे आणि काही अंशी तो काळाचाही गुण असेल, पण माझ्यापुरता तो पुरावा पुरेसा होता.

नेटवर्कची अडचण खरी आहे. आमच्याकडे पाऊस लागला की वीज जाते आणि आवाज मागे पडतो. "थांबा" हा शब्द दोन क्षण उशिरा पोहोचला तर नव्याने शिवलेल्या खांद्याला ते महाग पडू शकते. म्हणून नवा व्यायाम पहिल्यांदा नेहमी पणजीत शिकायचा आणि घरी फक्त तपासून घ्यायचा, असा नियम आम्ही पाळला. तो तुम्हीही पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन.

माझ्या थेरपिस्टांना घर दिसू लागले, ही गोष्टही मला मोलाची वाटली. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने बांधून टांगायची लाकडी चौकट, बांधण्याचे काम आमच्याकडे माझे असते. कॉलवर त्यांनी ती चौकट पाहिली, तिची उंची विचारली आणि स्पष्ट सांगितले की यंदा नारळ, तोरिंगण असे जड काही डोक्याच्या वर उचलायचे नाही; हात रिकामा तिथवर पोहोचला तरी शिवलेल्या भागावर तो भार अजून टाकता येणार नाही. क्लिनिकमध्ये हा विषय निघालाच नसता आणि मी बहुधा स्टुलावर चढलो असतो.

तेव्हा निवड करताना एवढे पाहावे, असे सुचवतो. क्लिनिक पायी जाण्याच्या अंतरावर असेल तर तिथेच जावे. घरी एकटे राहत असाल, किंवा तुमचा हात निश्चिंतपणे धरणारे कुणी नसेल, तर पट्टा सुटेपर्यंत तरी व्हिडिओचा विचार करू नये. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण अशा भागांतून बसने येणाऱ्यांनी मात्र पट्टा सुटताच घरून व्यायाम करण्याचा पर्याय विचारून घ्यावा. माझ्या मते त्यांचा खांदा त्याने लवकर मोकळा होईल. जखमेतून स्राव, ताप, पंजाला सूज, किंवा एखाद्या झटक्यानंतर हातातील बळ अचानक गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर कॉलची वाट न पाहता थेट सर्जनकडे जावे.

व्हिडिओचा मार्ग धरलात तर पहिल्या कॉलपूर्वी डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रतही थेरपिस्टला पाठवा. कफच्या चार स्नायूंपैकी पुढचा, म्हणजे सबस्कॅप्युलॅरिस, शिवलेला असेल तर हात बाहेर फिरवण्यावर सुरुवातीला मर्यादा असते. बायसेप्सचा बंध नव्या जागी बसवला असेल तर कोपर वाकवून वजन उचलण्यावरही असते. डिस्चार्ज कार्डावर हे पुष्कळदा एका ओळीत उरकलेले असते आणि पडद्यापलीकडच्या माणसाला ते हाताने चाचपून पाहता येत नाही.