जावा प्रोजेक्टमधून नको ते फोल्डर वगळणं : बरेच महिने वापरल्यानंतर

व्हीएस कोड या एडिटरमध्ये मोठा जावा प्रोजेक्ट उघडला की इंडेक्सिंग (कोडची शोधसूची बनवणं) संपता संपत नाही, अशी तक्रार कायम ऐकू येते. त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे मेमरी वाढवा, एक्सएमएक्स ही जावाच्या मेमरीची कमाल मर्यादा 2 जीबीवरून 4 जीबीवर न्या. माझं मत वेगळं आहे. आधी नको असलेले फोल्डर बाहेर काढा, मेमरीचं नंतर बघा.

मी ज्या रेपोवर (कोडच्या साठ्यावर) काम करतो त्यात मेव्हन या बिल्ड साधनाचे बरेच मॉड्यूल आहेत, शेजारी फ्रंटएंड आहे, सॅम्पल प्रोजेक्ट आहेत आणि जुन्या आवृत्तीची अख्खी प्रत 'लेगसी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली आहे. एडिटरच्या जावा एक्स्टेन्शनमागे एक्लिप्सचा जेडीटी लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड समजून घेऊन एडिटरला माहिती पुरवणारा प्रोग्राम, चालतो. तो फोल्डर धुंडाळत जातो आणि जिथे मेव्हनची पॉम फाइल किंवा ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड साधनाची बिल्ड फाइल दिसेल तिथे एक प्रोजेक्ट उभा करतो. म्हणजे लेगसीतला प्रत्येक मॉड्यूलही त्याच्या लेखी जिवंत प्रोजेक्टच. ऑर्डरसर्व्हिस नावाचा क्लास शोधावा तर यादीत दोन ओळी, नाव तेच, पॅकेज तेच. घाईत लेगसीतली फाइल उघडते, तिच्यात बदल होतो आणि टेस्ट मात्र ढिम्म हलत नाहीत.

यावर खरा उपाय 'जावा.इम्पोर्ट.एक्सक्लूजन्स' हे सेटिंग. त्यात '**/लेगसी/**' असा ग्लोब पॅटर्न (तारका वापरून फोल्डरचा मार्ग जुळवणारा नमुना) टाकला की सर्व्हर त्या फोल्डरमध्ये प्रोजेक्ट शोधायला जातच नाही. 'फाइल्स.एक्सक्लूड' आणि 'सर्च.एक्सक्लूड' यांचा याच्याशी संबंध नाही. पहिल्याने एक्सप्लोररमधून फाइल दिसेनाशी होते, दुसऱ्याने शोधातून जाते, पण इम्पोर्ट तसाच चालू राहतो. फोल्डर दिसत नाही म्हणजे इंडेक्सिंगमधूनही गेला, असं मानून बरेच जण तिथेच थांबतात. वगळलेल्या फोल्डरमधला एखादाच भाग हवा असेल तर त्याचा पॅटर्न उद्गारचिन्ह लावून खाली लिहायचा. इथे क्रमाला महत्त्व आहे.

यादी बदलून विंडो नुसती रीलोड करण्यावर मी भागवत नाही. आधी इम्पोर्ट झालेले प्रोजेक्ट सर्व्हरच्या वर्कस्पेस कॅशमध्ये (साठवून ठेवलेल्या माहितीत) असतात. कमांड पॅलेटमधून 'क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस' चालवायचं. त्यानंतरचं पहिलं उघडणं हळू होतं, तेवढं सोसायचं.

या सेटिंगची एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. कोणता फोल्डर प्रोजेक्ट म्हणून घ्यायचा, एवढंच ते ठरवतं. घेतलेल्या प्रोजेक्टच्या 'एसआरसी/मेन/जावा'खालचं एखादं पॅकेज त्याने गळणार नाही. त्यासाठी बिल्ड फाइलच बदलावी लागते. ग्रेडल किंवा मेव्हन नसलेला साधा फोल्डर असेल तर 'जावा.प्रोजेक्ट.सोर्सपाथ्स'मध्ये हवे तेवढेच सोर्स फोल्डर द्यायचे. 'जावा.प्रोजेक्ट.रिसोर्सफिल्टर्स' हे तिसरंच प्रकरण. त्यात ग्लोब चालत नाही, जावाचा रेगेक्स (मजकूर जुळवणारा वेगळ्या पद्धतीचा नमुना) लागतो, आणि त्या नावाची फाइल किंवा फोल्डर कुठेही असला तरी सर्व्हर त्याच्याकडे बघणं सोडतो. 'नोड_मॉड्यूल्स'साठी ते उत्तम आहे. तिथे 'बिल्ड' लिहिण्याआधी मात्र आपल्या कोडमध्ये त्या नावाचं पॅकेज नाही ना, हे बघून घ्या.

कामाचे मॉड्यूल वगळताना हात आखडता घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याला नको असलेला पण बाकीचे ज्यावर अवलंबून आहेत असा मॉड्यूल वगळला, की सर्व्हर त्याची जार (आधीच बिल्ड करून बांधलेली फाइल) लोकल मेव्हन रेपॉझिटरीत शोधतो. तिथे नसेल तर लाल रेघांचा पाऊस. असेल तर ती जुनी असू शकते, आणि डेफिनिशनवर उडी मारल्यावर आपला सोर्स न उघडता जारमधली क्लास फाइल उघडते. दर पुलनंतर (नवा कोड ओढून घेतल्यावर) 'एमव्हीएन इन्स्टॉल' करून जार नव्याने बनवायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. जनरेट झालेल्या सोर्सचंही तसंच. मेव्हनच्या 'टार्गेट' या बिल्ड फोल्डरमध्ये आहे म्हणून कचरा समजून फिल्टर लावला, की प्रोटोबफमधून (डेटाच्या व्याख्येवरून कोड बनवणाऱ्या साधनातून) तयार झालेले क्लास सापडेनासे होतात.

आता प्रोजेक्ट लवकर उघडतो हे खरंच, पण मला त्याहून मोठा फायदा वाटतो तो एखादं नाव कुठे कुठे वापरलंय ते दाखवणाऱ्या 'फाइंड रेफरन्सेस'चा. यादीत जे येतं ते आजच्या कोडमधलं असतं. मेथडचं नाव बदलताना लेगसीतल्या फाइलींना धक्का लागत नाही. रीफॅक्टरिंग (कोडची फेररचना) निर्धास्तपणे करता येतं, आणि रोज त्याच कोडमध्ये राहणाऱ्याला याची किंमत कळते.

आमची वगळण्याची यादी रेपोतल्या 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरच्या सेटिंग्ज फाइलमध्ये आहे, त्यामुळे नव्याने येणाऱ्यालाही ती आयती मिळते. तुम्हीही तसं करणार असाल तर लक्षात ठेवा, अ‍ॅरेची किंमत, म्हणजे यादीच्या रूपातलं सेटिंग, वर्कस्पेसमध्ये लिहिली की ती मूळ यादीत मिसळत नाही, तिची जागाच घेते. 'नोड_मॉड्यूल्स', 'डॉट मेटाडेटा', 'आर्कटाइप-रिसोर्सेस' आणि 'मेटा-आयएनएफ/मेव्हन' या मूळ नोंदी आधी उतरवून घ्या आणि मगच त्यांच्याखाली आपल्या जोडा.