एस्पेरांतो की इंटरलिंग्वा? क्रियापदांपुरतं सांगतो

पुण्यात फ्रेंच-जर्मन झाल्यावर ‘आता एखादी कृत्रिम भाषा घेऊ’ म्हणणारे भेटतात आणि गाडी बहुधा एस्पेरांतो आणि इंटरलिंग्वा या मुद्दाम रचलेल्या दोन भाषांवर येऊन अडते. बाकीचं तुम्ही वाचलेलं असेलच. माझा निर्णय क्रियापदावर झाला, म्हणून तेवढंच.

काळांच्या बाबतीत दोन्हीकडे सुख आहे. पुरुष, लिंग, वचन काही बघावं लागत नाही. 1887च्या एस्पेरांतोत ‘-आस, -इस, -ओस’ म्हणजे वर्तमान, भूत, भविष्य. 1951च्या इंटरलिंग्वात भूतकाळाला ‘-वा’, भविष्याला ‘-रा’. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच केलेल्याला इंटरलिंग्वाचा उतारा न शिकताही बराचसा कळतो. नुसतं वाचायचं असेल, तर मी तीच सुचवेन.

लिहायला बसलो तेव्हा मात्र विध्यर्थ आडवा आला. ‘तो येतो हे मला माहीत आहे’: इओ सापे के इल्ले वेनी. ‘त्याने यावं असं मला वाटतं’: इओ व्होले के इल्ले वेनी. येतो आणि यावं, दोन्हीला ‘वेनी’च! सरावलेल्यांना आधीच्या क्रियापदावरून कळतं, त्यांचं काही अडत नसावं. पण ‘यावं’ हातात असलेल्या मराठी माणसाला दर वेळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मला तरी वाटलं, आणि ते शेवटपर्यंत गेलं नाही.

एस्पेरांतोत पहिलं ‘ली वेनास’, दुसरं ‘ली वेनू’. हाच ‘-ऊ’ आज्ञेला चालतो, ‘मी येऊ का?’लाही चालतो: चू मी वेनू? संकेतार्थाला ‘-उस’, तोही ‘असतं तर… आलो असतो’सारखा वाक्याच्या दोन्ही भागांत. ‘तो म्हणाला, की मी येईन’ यातला भविष्यकाळही आपल्यासारखाच जागेवर राहतो.

एस्पेरांतोचा त्रास आहे तो कर्मणी धातुसाधितांत. घर ‘बांधलं जात होतं’ की ‘बांधलं गेलं’, म्हणजे ‘-आता’ की ‘-इता’, यावर जुने एस्पेरांतिस्त इतके भांडले, की 1967मध्ये त्यांच्या अकादमीला निकाल द्यावा लागला. पण रोजच्या बोलण्यात कर्तरी वाक्यावर भागतं.

तरीही ठरत नसेल, तर ‘आई म्हणाली, मी लवकर यावं’ हे एक वाक्य दोन्हींत लिहून बघा.