मराठी बायबलची तीन भाषांतरं शेजारी ठेवून वाचली, आठ महिन्यांचा अनुभव

नाताळानंतर मोबाईलवर एक बायबल ॲप घेतलं, त्यात 'पवित्र शास्त्र' हे जुनं मराठी भाषांतर आणि दोन नवी मराठी भाषांतरं एकाच स्क्रीनवर उघडता येतात. नगरला आमच्या घरी रविवारी संध्याकाळी सात-आठ जणांची प्रार्थनासभा असते, तिथं वापरतोय.

पहिला वाद झाला प्रभूच्या प्रार्थनेवरून, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेवरून. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे". पुण्यात शिकणारा एक मुलगा म्हणाला 'भाकर' चूक आहे, सरळ 'अन्न' म्हणा. मला नाही पटलं. येशूनं पाच हजार लोकांना जेवू घातलं त्या पाच भाकरी योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, चक्क जवाच्या आहेत, म्हणजे गरिबाचं खाणं, आणि आपल्याकडे गरिबाच्या ताटात भाकरच असते ना. ज्यानं कुणी हा शब्द निवडला त्याला मूळही कळलं होतं आणि आपलं घरही.

आणि अर्धा तास भाकरीवर घालवल्यावर कळलं की अवघड शब्द 'रोजची' हा आहे. तिथला ग्रीक शब्द 'एपिऊसिओस' अख्ख्या बायबलात फक्त याच प्रार्थनेत येतो, एकदा मत्तयाच्या शुभवर्तमानात, एकदा लूकच्या. रोजची, उद्याची, जगण्यापुरती, असे वेगवेगळे अर्थ अभ्यासक लावतात, आणि जेरोम या जुन्या भाषांतरकारानं बायबल लॅटिनमध्ये आणताना मत्तयात एक आणि लूकमध्ये वेगळाच शब्द ठेवला. हे मला समजलं इंग्रजी बायबलच्या तळटीपेतून, ॲपमधल्या मराठीत त्या जागी टीपच नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

तसंच यशया 7:14, मुलगा जन्माला येईल असं सांगणारं वचन, ख्रिस्ती लोक ते कुमारी मरियेपोटी झालेल्या येशूच्या जन्माबद्दल मानतात. हिब्रूत 'आल्मा' म्हणजे तरुण मुलगी, जुन्या ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी. 1952 ला अमेरिकेत एका इंग्रजी आवृत्तीनं 'तरुण स्त्री' छापलं तर एका पाळकानं भर सभेत ते पान जाळलं. आपल्याकडे 'कुमारी' वाचून कुणी थबकतही नाही, कारण शाळेच्या दाखल्यावर कु. लावतो तेव्हा बिनलग्नाची एवढंच म्हणायचं असतं, दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात आणि वाद दिसतच नाही.

नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं मात्र नव्या भाषांतरातच वाचा, जुन्यात वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होते. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं ते यासाठीच, साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून. स्तोत्र 23 जुनंच हवं, आई ते तोंडपाठ म्हणते, 'मृत्युच्छायेच्या दरीतून'.

सर्च फार कच्चा आहे, 'आम्हाला' टाइप केलं तर जुन्यातलं अनुस्वारवालं 'आम्हांला' सापडत नाही, फॉन्टही आईला पुरेसा मोठा होत नाही. पाचपैकी साडेतीन. तळटीपा येईपर्यंत मी आईच्या छापील प्रतीत 'रोजची' शेजारी पेन्सिलनं 'उद्याची?' लिहून ठेवलंय.