तांबी बसवून पंधरा महिने झाले: माझा अनुभव

मार्च 2024 मध्ये मी तांबी बसवून घेतली. तांबी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवतात ते तांब्याचं छोटं साधन. माझी कॉपर टी, 380 ए, दहा वर्षं चालणारी. तेव्हा माझं वय 31 होतं, मुलगी दोन वर्षांची, आणि दुसरं मूल हवं की नको हे आमचं अजून ठरलेलं नव्हतं. त्या दिवसांत मी मराठीत कुणाचा तरी सविस्तर अनुभव खूप शोधला. मिळालं ते एकतर "काही त्रास होत नाही" नाहीतर "अजिबात बसवू नका". म्हणून हे लिहितेय.

तोवर आमचा भरवसा निरोधवर होता. एकदा तो फाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलमधून गोळी आणून घेतली आणि पुढचे अकरा दिवस पाळीची वाट बघण्यात काढले. मी कराडजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फळ्यावर पाढे लिहिता लिहिता मनात दिवस मोजत होते. पाळी आली त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, आता असं नशिबावर राहायचं नाही.

रोजच्या गोळ्या मला चालण्यासारख्या नव्हत्या. माझी अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे चमकायला लागतं. अशा बाईला नेहमीच्या दोन संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) गोळ्या देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टरांना हे आपण होऊन सांगावं लागतं, सगळे विचारतातच असं नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, पण ते थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. दोन-तीन वर्षांत दुसऱ्याचा विचार करू असं आमच्या मनात होतं, म्हणून तेही मागे पडलं.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी वर न बघताच सांगितलं, "एकच आहे ना? दुसरं होऊ दे, मग ऑपरेशन करून टाकू." मी काय विचारायला आले होते ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. मला त्याचा फार राग आला आणि अजून आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे, तांबीवाल्या आहेत 2.1 टक्के, आणि पुरुषांची नसबंदी 0.3 टक्के. पुन्हा काढता येणारं, दहा वर्षं टिकणारं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं साधन बायकांपर्यंत का पोचत नाही, याचं उत्तर मला त्या खुर्चीत बसून कळलं.

घरी वेगळंच. सासूबाईंच्या आईच्या वेळचा लूप, म्हणजे 1965 मध्ये सरकारने आणलेलं तांबीसारखंच जुनं साधन, त्यांच्या आठवणीत होता. "वर चढते, काळजात जाते," म्हणाल्या. त्यांनी ते काळजीनेच म्हटलं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे जाताना त्यांनाच बरोबर नेलं. बाईंनी टेबलावरचा गर्भपिशवीचा प्लॅस्टिकचा नमुना त्यांच्या हातात दिला आणि तांबी कुठे बसते ते दाखवलं. तिथून काळजाकडे जायला वाट नाही. क्वचित, साधारण हजारात एखादीला, बसवताना पिशवीला छिद्र पडून तांबी पोटात जाऊ शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. गर्भ पाडणारी वस्तू आहे का, या प्रश्नावर म्हणाल्या की तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं, त्यामुळे गर्भ धरायची वेळच सहसा येत नाही. पहिल्या वर्षात शंभरात एकीपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात.

मग बाईंनी जे विचारलं ते आधी कुणीच विचारलं नव्हतं. पाळी किती दिवस? दिवसाला किती पॅड? गाठी पडतात का? हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं? माझं 11.2 आलं. पाळी चार दिवस, मध्यम. "तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढतो, पहिले तीन ते सहा महिने जास्त. तुला झेपेल, पण रक्तावर लक्ष ठेवावं लागेल." हे वाचणाऱ्या प्रत्येकीने इथे थांबावं असं मला मनापासून वाटतं. तांबी चांगली की वाईट हे विचारण्याआधी आपली पाळी कशी आहे ते बघा. माझ्या जावेला आधीच सात-सात दिवस, गाठींसकट जायचं. तिला ऐकीव माहितीवर तांब्याची बसवून घ्यायची होती. बाईंनी तिला संप्रेरकाची तांबी सुचवली. तिच्यामुळे पाळी कमी होते, काहींची जवळजवळ बंदच होते, आणि अति रक्तस्रावावर उपचार म्हणूनही ती वापरतात. खाजगीत काही हजार रुपये जातात, शिवाय सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग दिसत राहतात. जाऊ आज खूश आहे.

बसवायचा दिवस. पाळीचा चौथा दिवस होता. तासभर आधी दुखण्याची गोळी घेतली होती. आत तपासलं, मग चिमट्याने पिशवीचं तोंड धरलं, तेव्हा एक कळ आली. मग बारीक सळईने पिशवीची खोली मोजली. ती कळ मोठी होती, बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळेसारखी, कमरेतून मांड्यांपर्यंत गेली. सिस्टरने माझा हात धरला होता आणि "तोंडाने श्वास सोड" म्हणत होती. तांबी आत गेली ती त्यामानाने पटकन. तांबीला खाली असलेला दोरा कापल्याचा कचकन आवाज ऐकू आला. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील. घाम फुटला, अर्धा तास पडून राहिले, नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून घरी आले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली होती ते बरं झालं.

पहिल्या तीन पाळ्या जड गेल्या. चारचे सात दिवस झाले. दुसऱ्या पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं, आणि शाळेत बायकांसाठी एकच संडास, तोही मैदानापलीकडे. मधली सुट्टी त्यातच जायची. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना धाप लागायला लागली. तपासलं तर हिमोग्लोबिन 10.1. त्या आठवड्यात काढून टाकायचं मनात आलं होतं. बाई म्हणाल्या, "काढायची असेल तर आत्ता काढते, तुझी मर्जी. थांबणार असशील तर औषध देते." तुझी मर्जी, हे ऐकल्यावरच मला थांबायचं बळ आलं. पाळीच्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि रोज लोहाची गोळी, चहाच्या वेळेपासून लांब. पाचव्या महिन्यापासून उतार पडला. आता पाळी पाच दिवस असते, पहिल्यापेक्षा थोडी जास्तच, पण झेपणारी. गेल्या महिन्यात हिमोग्लोबिन 11.6 होतं.

दोऱ्याची भीती मला जास्त होती. पाळी संपली की हात स्वच्छ धुऊन, उकिडवं बसून बोटाने दोरा लागतो का बघायचं. पहिल्यांदा मला काहीच लागलं नाही आणि रडू आलं. बाईंनी दाखवलं तेव्हा कळलं की मी शोधत होते सुतळीसारखं काहीतरी, आणि तो असतो मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा बारीक. पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत, तांबी आपोआप बाहेर पडू शकते, म्हणून हे बघायचं. नवऱ्याला सुरुवातीला टोक टोचायचं. दोरा थोडा आखूड करून घेतला, प्रश्न मिटला. वजन वाढलं नाही, आणि तांब्याच्या तांबीत संप्रेरक नसतंच.

दोरा लागेनासा झाला किंवा लांब वाटला, ताप येऊन ओटीपोट दुखलं, घाण वासाचं पाणी गेलं, किंवा पाळी चुकली, तर घरी बसू नका. तांबी असताना दिवस राहिलेच तर गर्भ पिशवीबाहेर, नळीत असण्याची शक्यता तपासावी लागते, उशीर चालत नाही. आणि गुप्तरोगांपासून तांबी वाचवत नाही, तिथे निरोधच लागतो.

बाईंनी दिलेलं कार्ड मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. बसवल्याची तारीख, आणि खाली काढायची: मार्च 2034. दुसऱ्याचं ठरलं तर त्याआधी जाऊन काढून घेईन, पुढच्या महिन्यातही दिवस राहू शकतात. परवा सासूबाईंनी शेजारच्या सुनेला माझ्याकडे पाठवलं, "हिला विचार, हिने बसवलीय." तिची पाळी कशी आहे, हे मी आधी विचारलं. मंगळवारी तिच्याबरोबर रक्त तपासायला जातेय.