डोंगरपायथ्याचं घर: सपाट जागा कुठून आली, पाणी कुठे गेलं?

शहराच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी घर घेणाऱ्यांची फसवणूक बऱ्याचदा कागदावर होतच नाही. मालकी स्वच्छ असते, मंजुरीचा शिक्का खरा असतो, कर्जही बिनबोभाट मिळतं. फसवणूक जमिनीत पुरलेली असते. उतारावर आयती सपाट जागा फारशी नसते, ती कुणीतरी केलेली असते. एका बाजूने डोंगर कापायचा, निघालेली माती दुसऱ्या बाजूला लोटायची, वर हिरवळ आणि फरशी घालायची. घर दाखवतात ते कोरड्या दिवसांत. भेगा दिसतात दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात, पैसे देऊन झाल्यावर.

म्हणून पहिला प्रश्न दराचा नको, जमिनीचा हवा. हे घर कापलेल्या जमिनीवर आहे की भरावावर? सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे दोन्हीवर. अर्धा पाया पक्क्या खडकावर आणि अर्धा टाकलेल्या मातीवर असला की भरावाकडची बाजू खचते, दुसरी जागची हलत नाही, आणि इमारत त्या दोन्हींच्या सीमेवर फाटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग, एकाच बाजूची दारं अडकणं, जोत्याला लागून फरशीत पडलेली फट ही त्याची लक्षणं. विक्रेता याला ‘प्लास्टरची भेग’ म्हणतो. प्लास्टरची भेग केसासारखी बारीक असते, जाळीसारखी पसरते आणि वाढत नाही. खचण्याची भेग तिरकी जाते, एका टोकाला रुंद असते आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसते. जुन्या घरात फक्त एकाच खोलीला नवा रंग दिसला, तर त्या खोलीत जास्त वेळ थांबा.

भराव म्हणजे वाईटच असं नाही. नीट केलेला भराव २० ते ३० सेंटिमीटरच्या थरांनी टाकतात, योग्य ओलाव्यावर प्रत्येक थरावर रोलर फिरवतात आणि थराथराची घनता तपासतात. प्रयोगशाळेत त्या मातीची जी कमाल कोरडी घनता मिळते, तिच्या ९५ टक्के घनता जागेवर मिळवणं हा सर्वसाधारण दंडक आहे. त्याआधी उतारावरची सुपीक माती आणि झाडंझुडपं काढून, उताराला पायऱ्या कापून भराव त्यात अडकवावा लागतो. हे सगळं खर्चाचं आणि वेळाचं काम. फसवणारा डंपर मागे लावतो आणि कड्यावरून माती ओततो. अशी ओतलेली माती कोरडी असताना उभी राहते. ती पहिल्यांदा नीट भिजली की कणांमधली पोकळी कोसळते आणि जमीन अचानक बसते. उतार मोठा असेल तर चिखल होऊन वाहूही लागते.

हाँगकाँगमधल्या साऊ माऊ पिंग इथे १८ जून १९७२ रोजी असाच भराव मुसळधार पावसात सुटला आणि खालच्या वस्तीतली ७१ माणसं गेली. चार वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, त्याच भागातला दुसरा भराव कोसळून आणखी १८. मातीची नीट दाबाई न करता केलेले ते भराव होते. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने उतारांवर देखरेख करणारं स्वतंत्र खातं काढलं. जपानमधल्या अटामीत ३ जुलै २०२१ ला चिखलाचा लोट वस्तीत आला, तो दरीच्या माथ्याशी टाकलेल्या भरावातून. पायथ्याच्या कित्येक रहिवाशांनी तो भराव कधी पाहिलाही नसेल. तेव्हा आपल्या कुंपणापुरतं बघून भागत नाही. उपग्रहाची जुनी छायाचित्रं वर्षावर्षाने मागे नेऊन पाहता येतात. घराच्या वरच्या अंगाला झाडी कधी नाहीशी झाली, पिवळट उघडी माती कुठे पसरली, हे त्यात स्पष्ट दिसतं. अर्धा तास लागतो, आणि हा अर्धा तास बहुतेक जण देत नाहीत.

मातीचा अहवाल मागितला की तो मिळतो. इथेच अनुभवी माणसंही फसतात, कारण अहवाल खरा असतो, फक्त तो ह्या घराचा नसतो. शेजारच्या भूखंडाचा असतो, किंवा डोंगर कापण्याआधीचा असतो, किंवा सगळी बोअरहोल, म्हणजे जमिनीची तपासणी करायला पाडलेली खोल छिद्रं, कापलेल्या बाजूला घेतलेली असतात, जिथे मीटरभरावर खडक लागणारच. म्हणून पहिलं पान आणि शेवटची सही पुरेशी नाही. बोअरहोल कुठे घेतली तो नकाशा आणि प्रत्येक बोअरहोलचा खोलीनिहाय तक्ता मागा, आणि आपल्या इमारतीच्या चारही कोपऱ्यांशी ताडून बघा. तक्त्यात ‘भराव’ किंवा ‘टाकलेली माती’ किती मीटरपर्यंत लिहिली आहे आणि पाया त्याच्या खाली मूळ जमिनीत टेकला आहे का, ही दोन उत्तरं मिळाली पाहिजेत. अहवालाच्या शेवटी शिफारशी असतात: एवढे चर, एवढे नळ, उतार एवढाच ठेवा. त्या शिफारशी प्रत्यक्षात झाल्या का, हे कुणीच विचारत नाही. जिओटेक्निकल इंजिनिअर, म्हणजे माती-खडक आणि पाया तपासणारा तज्ज्ञ, आपण नेमावा, आपण पैसे द्यावे आणि त्याने विक्रेत्याशी परस्पर बोलू नये.

कापलेल्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथे खडकाच्या थरांचा कल बघा. थर डोंगराच्या आत झुकलेले असतील तर बरं. ते घराकडे कललेले असतील आणि कापणीने त्यांचं पायथ्याचं टोक उघडं पडलं असेल, तर पत्त्यांच्या तिरक्या गड्डीचा आधार काढून घेतल्यासारखं होतं. मधला थर चिकणमातीचा असला आणि त्यात पाणी गेलं, की वरचा थर त्याच्यावरून घसरतो. अशा कापणीवर सिमेंटचा फवारा मारून ती राखाडी, गुळगुळीत आणि मजबूत दिसेल अशी केलेली असते. फवाऱ्याने फक्त वरची झीज थांबते. खडकात रोवलेले गज, त्यांच्या ओढ-चाचणीचे अहवाल आणि आत खोलवर गेलेले निचऱ्याचे नळ नसतील तर तो मुलामा आहे, आणि मागचं पाणी कोंडून तो नुकसानही करतो.

आता संरक्षक भिंत. पायथ्याच्या घरांमध्ये सगळ्यात जास्त लबाडी हिच्यात होते. भिंत मातीच्या भाराने जितकी पडत नाही तितकी पाण्याच्या भाराने पडते. ३ मीटर उंचीच्या भिंतीवर निचरा झालेल्या मातीचा दाब दर मीटर लांबीला साधारण पावणेतीन टन येतो. मागे काठोकाठ पाणी तुंबलं तर एकट्या पाण्याचाच साडेचार टन, आणि एकूण दाब दुपटीच्याही वर. उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो. त्यामुळे जुन्या भिंतीवर दोन-चार थर चढवून अंगण रुंद केलेलं दिसलं, तर ती भिंत ज्या भारासाठी बांधली तो भार केव्हाच मागे पडला आहे.

भिंतीतून पाणी निघायची भोकं, ज्यांना साइटवर वीप होल म्हणतात, ती साधारण ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची आणि दीड ते तीन मीटर अंतरावर असतात. पण भोक असणं पुरत नाही. त्याच्या मागे खडीचा थर आणि माती अडवणारं गाळणीचं कापड लागतं. पुष्कळ ठिकाणी वीतभर नळाचे तुकडे नुसते तोंडाशी बसवलेले असतात. लांब सळई किंवा काठी आत घाला. भिंतीच्या जाडीआधीच ती सिमेंटला अडली तर भोक खोटं. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा जा. सगळी भिंत ओली आणि भोकं कोरडी, म्हणजे पाणी मागे कोंडलंय. भोकातून गढूळ पाणी, म्हणजे मागची माती वाहून चालली आहे आणि भिंतीच्या पाठीशी पोकळी होते आहे. स्वच्छ पाणी वाहत असेल तर ती भिंत आपलं काम करते आहे. मधोमध पुढे आलेला फुगवटा बघायला भिंतीच्या एका टोकाला डोळा लावून सरळ रेषेत पाहायचं, किंवा वरून ओळंबा सोडायचा.

दुसरा मोठा प्रश्न पाण्याचा. डोंगरावरून येणारा ओहोळ कोरड्या दिवसांत खाचखळग्यासारखा दिसतो, आणि भूखंडाच्या मधून जात असेल तर तो नळात घालून वर रस्ता किंवा बाग करतात. ‘पाणी पाइपातून काढून दिलंय’ असं सांगतात. तो पाइप केवढा, हे विचारा आणि स्वतः गणित करा. वरचं पाणलोट १० हेक्टर असेल, तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल आणि त्यातलं ७० टक्के पाणी वाहून येत असेल, तर सेकंदाला जवळजवळ १.९ घनमीटर पाणी येतं. ६०० मिलिमीटरचा नळ भरून सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहिला तरी ०.८५ घनमीटरच नेतो. बाकीचं पाणी आपली जुनी वाट धरतं, आणि त्या वाटेवर आता घर आहे. ९०० मिलिमीटरचा नळ जेमतेम पुरेल, तोही तोंडाशी फांद्या, दगड, कचरा अडकला नाही तर. डोंगराचं पाणी कधी नुसतं येत नाही, दगडगोटे घेऊन येतं. म्हणून नळाच्या तोंडाशी जाळी आणि गाळाचा खड्डा आहे का, तो कोण साफ करतं, आणि नळ तुंबला तर वरून पाणी जायला मोकळी वाट ठेवली आहे का, हे बघायचंच. जुन्या भूनकाशावर ओहोळाची निळी रेघ असेल आणि नव्या मंजूर नकाशावर ती नसेल, तर रेघ गेली कुठे ते लेखी विचारा.

मलेशियात क्वालालंपूरजवळचे हायलँड टॉवर्स हे या सगळ्याचं एकत्र उदाहरण आहे. पायथ्याशी १२ मजली तीन इमारती, मागे तीव्र उतार, त्यावर संरक्षक भिंती, मूळचा ओढा नळात घालून वळवलेला, आणि वरच्या टेकडीवर पुढे झाडी काढून सुरू झालेलं नवं बांधकाम. सतत पडणाऱ्या पावसानंतर ११ डिसेंबर १९९३ रोजी मागचा उतार आणि भिंती सुटल्या, मातीने पाया ढकलला आणि एक इमारत आडवी झाली. ४८ माणसं मेली. घरं घेणाऱ्यांनी आपल्या इमारतीचे कागद तपासले असते तरी वरच्या टेकडीवर काय होणार आहे हे त्यात लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच वरच्या जमिनीचा मालक कोण, तिच्यावर कोणती परवानगी मागितलेली आहे, हे घेणाऱ्याने स्वतः जाऊन नियोजन कार्यालयात बघायला हवं.

मोजणीतली लबाडी साधी आहे पण पैशाला मोठी. क्षेत्रफळ नेहमी सपाट प्रतलावर धरतात, उताराच्या अंगाने नाही. ३० अंशांच्या उतारावर टेप लावून २० मीटर मोजलं, तर खरी आडवी लांबी १७.३ मीटरच भरते. तसंच ‘२० चा उतार आहे’ हे वाक्य अर्धवट सोडतात. २० टक्के म्हणजे सुमारे ११ अंश, पण २० अंश म्हणजे ३६ टक्के, आणि दोन्हींत बांधकामाच्या खर्चाचा मोठा फरक पडतो. शिवाय संरक्षक भिंतीचा पाया तिच्या उंचीच्या निम्म्यापासून ०.७ पटीपर्यंत रुंद लागतो. ४ मीटरची भिंत बांधायची तर दोन ते पावणेतीन मीटरची पट्टी जमिनीखाली गेलीच.

करारात दोन वाक्यं शोधा. एक, ‘खरेदीदाराने जागेची पाहणी करून समाधान करून घेतले आहे.’ ह्या एका वाक्यावर पुढच्या सगळ्या तक्रारी परतवल्या जातात. ते काढून टाकायला सांगा, किंवा भराव, निचरा आणि भिंत यांबद्दल विक्रेत्याची लेखी हमी त्याच्यापुढे जोडा. दुसरं, सामायिक हरित पट्ट्याबद्दलचं. जो ‘बाग’ म्हणून दाखवतात तो पुष्कळदा मागचा कापलेला उतार असतो, आणि हस्तांतरानंतर त्याची देखभाल, भिंतीची दुरुस्ती आणि खाली कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई सगळी रहिवाशांच्या डोक्यावर येते. घराच्या साध्या विमा पॉलिसीत भूस्खलन अनेकदा वगळलेलं असतं. विक्रीपत्रकावर न जाता वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा.

‘इतक्या वर्षांत काही झालं नाही’ हे सगळ्यात चालणारं वाक्य. आणि एकदा घसरण झाली असेल तर ‘जी पडायची ती पडली’ हे त्याचं जुळं भावंड. कॅलिफोर्नियातल्या ला काँचिटात १९९५ मध्ये डोंगर घसरला आणि घरं मोडली. लोक राहत राहिले. १० जानेवारी २००५ ला त्याच घसरलेल्या मातीचा भाग पुन्हा सुटला आणि १० जण गेले. घसरलेली जमीन ही मोकळी झालेली जमीन असते, बसलेली नसते. बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली झाडं, कललेले खांब, कुंपणाची नागमोडी झालेली ओळ, उताराच्या माथ्यावर अर्धचंद्रासारखी भेग ही जमीन सरकत असल्याची लक्षणं, कोणत्याही ऋतूत दिसणारी.

वणव्याचा धोका असलेल्या भागात एवढं लक्षात ठेवा की उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि जळालेल्या डोंगरावरून पहिल्या मोठ्या पावसात चिखल सुटतो. कॅलिफोर्नियातल्याच मोंटेसिटोत ९ जानेवारी २०१८ ला गेलेले २३ जीव असेच, आगीनंतरच्या पावसात. जायला-यायला एकच रस्ता असेल तर तो कुणाच्या मालकीचा आहे आणि अग्निशमन गाडी वळू शकते का, हे पाहून घ्या. नळाचं पाणी १० मीटर चढलं की जवळजवळ एक बार (दाब मोजायचं एकक) इतका दाब गमावतं, त्यामुळे टाकीच्या पातळीवरच्या घरांना पंपावर जगावं लागतं. बोअरवेल दाखवतात ती पंधरा मिनिटं चालवून. ऐन उन्हाळ्यात, सलग काही तास उपसून पाणी कितपत टिकतं ते बघायचं.

घर घेऊन झालं असेल तर आजच भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला, पट्टी ठेवून फोटो काढा आणि दर महिन्याला तेच करा. वाढणाऱ्या भेगेची तारखांसकट नोंद हा इंजिनिअरपुढे आणि न्यायालयापुढे चालणारा पुरावा आहे. छताचं आणि अंगणाचं पाणी उतारावर सोडू नका, बंद नळाने खाली नाल्यापर्यंत न्या. वरच्या अंगाला शोषखड्डा असेल तर तो हलवा. आणि पाऊस सुरू असताना मागचा ओहोळ अचानक आटला किंवा गढूळ झाला, भिंतीतून कडकड आवाज आला, दारं एकाएकी अडकायला लागली, तर मागे बॅटरी घेऊन बघायला जायचं नाही. घरातल्या सगळ्यांना घेऊन ओढ्याच्या वाटेपासून आडवं बाजूला निघायचं, आणि निघता निघता शेजाऱ्यांची दारं वाजवायची.