फूटपाथच्या खड्ड्यात टाइलची नक्षी : मिस्त्रीचं काम कसं वाटलं

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते सांगतो.

सोलापुरात नवी पेठेत माझ्या दुकानासमोरचा फूटपाथ कुणीतरी केबलसाठी उकरला आणि वर माती लोटून गेले, पेव्हर ब्लॉक उखडलेले, येणारं गिऱ्हाईक ठेचकाळायचं. पुतण्यानं मोबाईलवर फ्रान्समधल्या लियाँ शहरातले फोटो दाखवले, तिथं एमेमेम नावाचा आर्टिस्ट आहे, खरं नाव गुपित ठेवलंय, तो २०१६ पासून फूटपाथच्या खड्ड्यांत रंगीत टाइल बसवतोय. म्हटलं आपल्या गच्च्यांवर चायना मोझॅक करणारे मिस्त्री आहेतच की, एकाला गाठलं.

काम बघण्यासारखं झालं. सगळी भुसभुशीत माती काढून खाली खडी-सिमेंटचा कोबा घातला, त्याला नीट पाणी मारलं, मग टाइल पोत्यात गुंडाळून हातोडीनं फोडल्या आणि एकेक तुकडा लाकडी थापीनं ठोकत बाजूच्या ब्लॉकच्या बरोबर लेव्हलला आणला. खड्ड्याचा वेडावाकडा आकार तसाच ठेवला, आत मात्र सोलापुरी चादरीची नक्षी. जेकॉर्ड मागावर विणलेली नक्षी मुळातच पायरी पायरीची असती, त्यामुळं तुकड्यांत झकास बसली, लाल-काळी-पिवळी. बायका पदर सावरत थांबून बघायलेत, एक आजी तर चप्पल काढून वरून गेल्या, लई भारी वाटलं.

आता तक्रार. एका कोपऱ्यात त्यानं बाथरूमच्या भिंतीच्या गुळगुळीत टाइल वापरल्या, पहिल्याच पावसात तिथं पाय सरकायला लागले. बोलावल्यावर मुकाट्यानं काढून पार्किंग टाइलचे खरखरीत तुकडे बसवले, पैसे मागितले नाहीत, हे त्याच्या बाजूनं. पण सांध्यांत ग्राउट (टाइलच्या फटी बुजवायचा मसाला) ऐवजी पांढरं सिमेंट भरलंय ते काळं पडलं, त्यात पान खाऊन थुंकणारे आपले सोलापूरकर, काय बोलायचं. गडद ग्राउट आधीच ठरवून घ्या.

रंगानं का नाही केलं असं विचारतात. शेजाऱ्यानं ऑइलपेंटनं फुलं काढली होती, एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत पापुद्रे निघाले, उरलेलं गाड्यांच्या स्टँडनं खरवडलं. टाइल उन्हाला दाद देत नाही. फक्त वर बुलेट लावू देऊ नका, सेंटर स्टँडनं कडेचा तुकडा उडतो, माझा एक उडालाय.

खर्च मजुरीचाच. टाइलच्या दुकानात फुटक्या पेट्या पडून असतात, गोड बोललात तर फुकटातसुद्धा देतात. फूटपाथ महापालिकेचा आहे, तेव्हा झोन ऑफिसात अर्ज देऊन पोच घ्या, नाहीतर उद्या कुणीतरी येऊन बोलणार. आणि मिस्त्रीला सकाळी लवकर बोलवा, अकरानंतर तो उन्हात बसतच नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.